बायपोलर आजार: दोन उचलींच्या मधले आयुष्य

बायपोलर डिसऑर्डर हा मनःस्थितीचा, वर्षानुवर्षे सोबत राहणारा आजार आहे. तो झालेला माणूस काही काळ उन्मादात असतो, काही काळ खोल नैराश्यात असतो आणि मधला बराच काळ चारचौघांसारखा वागत, कमावत, संसार करत असतो. हा मधला काळ लोकांच्या नजरेत भरत नाही. आजाराचे नाव काढले की डोळ्यांसमोर येतो तो रात्रभर बडबडणारा, पैसे उधळणारा, अंगावर धावून जाणारा माणूस. प्रत्यक्षात गोळ्या नेमाने घ्यायच्या असतात, नोकरी टिकवायची असते, लग्नाचे ठरवायचे असते, ते सगळे या मधल्या काळातच. आणि लोकांच्या समजुतींचा जाचही सर्वांत जास्त तेव्हाच सोसावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात ०.५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचे आढळले. या हिशेबाने चाळीस हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावात असे शंभराहून अधिक लोक असणार. आजार असलेल्यांपैकी जवळपास ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नाहीत, असेही त्याच सर्वेक्षणात दिसले.

उन्माद सुरू होतो तेव्हा तो आजार वाटतच नाही. पहिली खूण बहुधा झोपेची असते. तीन तास झोपून माणूस ताजातवाना उठतो, पहाटे चारला माळा आवरायला काढतो, दहा वर्षांत न बोललेल्या मित्रांना फोन लावतो. बोलण्याचा वेग वाढतो, एक विषय संपण्याआधी दुसरा सुरू होतो आणि मध्ये कोणी बोललेले खपत नाही. एरवी भाजीचाही हिशेब लिहून ठेवणारा माणूस एका दुपारी तीन मोबाइल हप्त्यांवर उचलतो, नुकत्याच ओळख झालेल्या माणसाबरोबर धंद्यात पैसे घालतो, साहेबाला चार शब्द सुनावून राजीनामा देऊन येतो. घरच्यांनी अडवले की ते शत्रू वाटू लागतात. आजार आणखी वाढला की आपल्याला देवाने निवडले आहे, आपल्यात खास शक्ती आली आहे अशा ठाम समजुती होतात, आवाजही ऐकू येऊ लागतात. अशी अवस्था किमान आठवडाभर टिकली किंवा रुग्णाला दाखल करावे लागले, तर डॉक्टर तिला उन्माद म्हणतात. चार दिवस किंवा अधिक टिकणारी पण संसार आणि नोकरी न विस्कटणारी सौम्य अवस्था म्हणजे अल्पोन्माद. त्यात कामाचा उरक वाढतो, माणूस हसतमुख होतो आणि घरच्यांना वाटते, चला, बरे झाले, गाडी रुळावर आली.

एकदा जरी पूर्ण उन्माद होऊन गेला असेल तर निदान होते बायपोलर-एक. केवळ अल्पोन्माद आणि त्याच्या जोडीला मोठे नैराश्य असेल तर बायपोलर-दोन. वर्षात चार किंवा त्याहून जास्त वेळा आजार उचल खात असेल तर उपचार अधिक अवघड होतात.

नैराश्याचा काळ दोन आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत लांबतो. त्यात दुःखापेक्षा रितेपण जास्त असते. आंघोळीला उठणे, फोन उचलणे, जेवणाचा घास चावणे यांतले काहीच होत नाही. काहींना पहाटे तीनला जाग येते ती येतेच, काही बारा-चौदा तास झोपूनही थकलेले असतात. आजाराचा हाच चेहरा रुग्णाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो. अमेरिकेत बायपोलर-एकच्या रुग्णांचा सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ आठवड्यागणिक मागोवा घेण्यात आला, तेव्हा जवळजवळ निम्म्या आठवड्यांत त्यांना काही ना काही लक्षणे होती आणि नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून जास्त भरले. बायपोलर-दोनमध्ये तर निम्मा काळ नैराश्यातच गेला होता. शेजारीपाजारी ज्या गोंधळाची वर्षानुवर्षे आठवण काढतात तो बहुधा काही महिन्यांचाच असतो. दार लावून पडून काढलेली दोन वर्षे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत.

उन्मादाची धग आणि नैराश्याचा अंधार एकाच वेळी असणारी मिश्र अवस्थाही असते. मरणाचे विचार आणि ते अमलात आणण्याइतकी अस्वस्थ शक्ती तिच्यात एकत्र येतात, म्हणून आत्महत्येच्या दृष्टीने ती फार धोक्याची. ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे काहीही रुग्ण बोलला, तर ते मनावर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते.

निदानाला उशीर होतो, आणि तो थोडाथोडका नसतो. पहिल्या लक्षणांपासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत सरासरी पाच-सहा वर्षे जातात. आजार बहुधा पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी आणि लग्न यांचीच वर्षे वाया जातात. उशिराचे कारण साधे आहे. रुग्ण डॉक्टरकडे जातो तो नैराश्यात. मागच्या वर्षी महिनाभर आपण फार उत्साहात होतो, याची तक्रार कोण करणार? मग नुसत्या नैराश्याचे निदान होते, नैराश्यावरची गोळी एकटीच सुरू होते आणि काही रुग्णांमध्ये तिनेच उन्माद उसळतो. म्हणून जाणता मनोविकारतज्ज्ञ घरच्यांना वेगळे बसवून विचारतो: कधी झोप कमी होऊनही थकवा नव्हता, असे झाले होते का? खर्च एकदम वाढला होता का? घराण्यात कोणाला असे झाले होते का? रक्ताच्या तपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून हा आजार दिसत नाही. थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइड औषधे, नशेचे पदार्थ हे उन्मादासारखी लक्षणे निर्माण करतात; ते तपासण्यांतून वगळता येतात, एवढेच.

आजाराची मुळे बरीचशी आनुवंशिक आहेत. मात्र एखादे सदोष जनुक सापडावे तसा हा प्रकार नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा मिळून प्रवृत्ती तयार होते. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के, म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना तो होत नाही. आईच्या लाडाने, वडिलांच्या धाकाने किंवा अभ्यासाच्या ताणाने बायपोलर होत नाही. प्रवृत्ती असलेल्या माणसात उचल मात्र अशा गोष्टींनी होऊ शकते: सलग जागरणे, गांजा आणि दारू, मोठा आघात, आणि बाळंतपण. ज्या स्त्रीला आधीपासून हा आजार आहे तिच्यासाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आयुष्यातले सर्वांत जोखमीचे असतात. बाळंतिणीची झोप हाही उपचाराचाच भाग, हे माहेरच्यांना आधी सांगून ठेवावे लागते.

उन्माद आणि नैराश्य ही एकाच आजाराची दोन रूपे आहेत, हे पॅरिसमधल्या फाल्रे आणि बायारजे या डॉक्टरांनी १८५०च्या दशकात मांडले. जर्मनीत एमिल क्रेपलिनने १८९९ साली त्याला स्किझोफ्रेनियासारख्या आजारापासून वेगळे काढले. पण उपचार म्हणावा असा मिळायला आणखी पन्नास वर्षे लागली, आणि ती कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांचा युद्धकैदी होता. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात त्याने अगदी साध्या साधनांनी प्रयोग सुरू केले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असावे, अशी त्याची कल्पना होती. ती चुकीची ठरली. पण गिनिपिगांवरच्या त्या प्रयोगांत वापरलेल्या लिथियमच्या क्षारांनी प्राणी शांत होतात असे त्याला दिसले. आधी त्याने ते क्षार स्वतः घेऊन पाहिले आणि १९४८ मध्ये पहिल्या रुग्णाला दिले. एक्कावन्न वर्षांचा तो माणूस पाच वर्षे सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो शांत झाला, घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. बरे वाटते म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या आणि सहा महिन्यांत तो पुन्हा दाखल झाला. १९५० साली त्याचा मृत्यू झाला तो लिथियमच्या विषबाधेने, कारण रक्तातले प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. औषध सोडले तर आजार उलटतो आणि मात्रा चुकली तर औषधच घात करते, हे दोन्ही धोके त्या पहिल्या रुग्णाच्याच वाट्याला आले. केडचा लेख १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डेन्मार्कच्या मॉगेन्स शू यांनी काटेकोर चाचण्या करून लिथियमची उपयुक्तता सिद्ध केली आणि १९७० मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

आज पंचाहत्तर वर्षांनंतरही लिथियम या आजारावरचे पायाभूत औषध आहे. ते पुढच्या उचली टाळते आणि आत्महत्येचा धोकाही कमी करते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारणपणे लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल एवढे राखायचे असते, १.५च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त द्यायचे. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी. शरीरातले मीठ आणि पाणी कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते, त्यामुळे निर्जळी उपवास, अळणी जेवण, भर उन्हातली मेहनत, जुलाब-उलट्या या सगळ्यांत सावध राहावे लागते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांनीही प्रमाण चढते. हाताची थरथर एकदम वाढली, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलीच पाहिजे.

इतर औषधांचे ज्याचे त्याचे गुण आणि धोके. व्हॅल्प्रोएट उन्मादावर चांगले लागू पडते, पण गरोदरपणात गर्भाला गंभीर इजा करते. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन नैराश्याची उचल लांबवते, फक्त त्याची मात्रा फार सावकाश वाढवावी लागते आणि अंगावर पुरळ आले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते. क्वेटियापिन, ओलान्झापिन यांनी वजन आणि साखर वाढते. तीव्र अवस्थेत विजेचे उपचारही गुणकारी आहेत. सिनेमांनी त्यांची दाखवलेली भयंकर चित्रे खोटी आहेत. ते भूल देऊन करतात आणि भूल न देता करण्यास भारतात कायद्याने बंदी आहे.

गोळ्यांच्या पलीकडे रुग्णाचा दिवस झोपेभोवती बांधलेला असतो. उठणे, जेवण, काम, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असल्या की उचली कमी होतात. याच तत्त्वावर आधारलेली उपचारपद्धतीही आहे. पण ते पाळणे किती कठीण, हे गणपतीच्या दिवसांत किंवा अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांत कळते. मंडळाच्या कार्यकर्त्याने मिरवणुकीच्या रात्री अकराला घरी जायचे आणि कारण सांगायचे नाही! बरेच रुग्ण छोटी वही ठेवतात: किती तास झोप, मन वर की खाली, गोळी घेतली की नाही, पाळी कधी आली. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींत नमुना दिसू लागतो. प्रत्येकाची पूर्वसूचना वेगळी असते. कोणी भडक रंगाचे कपडे घालू लागतो, कोणी पहाटे लांबलचक मेसेज पाठवतो, कोणाला अचानक घर रंगवायचे असते. घरच्यांना ती ओळखता आली की डॉक्टरांना फोन करून, मात्रा थोडी वाढवून, उन्माद दाराशीच थोपवता येतो. बरे असताना रुग्णानेच बँकेचे कार्ड जोडीदाराकडे ठेवण्याचा किंवा मोठा खर्च दोघांच्या सहीने करण्याचा नियम घालून घेतला, तर तो भांडणाशिवाय पाळला जातो. तोच नियम उन्मादात लादला तर घर पेटते.

घरातल्या बोलण्याचाही परिणाम होतो. ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न दिवसातून पाच वेळा ऐकणारा माणूस हळूहळू घरात रुग्ण एवढाच उरतो. त्याचा साधा आनंदही संशयाने पाहिला जातो, साधा रागही आजाराच्या खाती जमा होतो. सतत टीका होणाऱ्या घरांत आजार लवकर उलटतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून चांगल्या उपचारांत घरच्यांनाही शिकवावे लागते.

घराबाहेरच्या समजुती जुन्या आहेत आणि त्यांच्या टिकून राहण्यामागे आजाराचा स्वभावही आहे. उन्माद उपचारांशिवायही बहुधा काही महिन्यांत ओसरतो. तोवर घरच्यांनी देवऋषी केलेला असतो, अंगारे-धुपारे केलेले असतात, अमावास्येला एखाद्या ठाण्यावर नेलेले असते. ओसरण्याचे श्रेय त्यालाच मिळते आणि पुढच्या उचलीला ‘बाहेरचे’ पुन्हा लागले असे ठरते. उन्मादात देवाधर्माचे बोलणे वाढत असल्याने अंगात आले, असेही वाटते. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. श्रद्धास्थानी जाणाऱ्या कुटुंबाला हिणवून काही साधत नाही. नवस फेडा, पण गोळी चुकवू नका, असे सांगणारा डॉक्टर त्यांना जवळचा वाटतो.

शिकलेल्या घरांत भूत नसते, तिथे स्वभावाला दोष दिला जातो. नैराश्याला आळस म्हणतात, उन्मादाला माज. मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ हे थट्टेत सहज म्हटले जाते, आणि ज्याच्या घरातले कोणी खरोखर तिथल्या मनोरुग्णालयात राहून आले आहे त्याला ते जिव्हारी लागते. दुसरीकडे, सकाळी खूश आणि दुपारी चिडलेल्या मैत्रिणीला ‘बायपोलर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. तासातासाला बदलणारा मूड हा आजार नव्हे. त्याच्या उचली दिवसांत नि आठवड्यांत मोजतात. हे रुग्ण हिंसक असतात हा समजही फार पसरलेला आहे. बहुतेक रुग्ण कोणाला इजा करत नाहीत. धोका वाढतो तो मुख्यतः दारू आणि नशेच्या जोडीने, आणि इजा होते ती बहुतेक वेळा रुग्णाचीच.

कौतुकाचाही एक समज आहे. ३० मार्च, चित्रकार व्हॅन गॉगचा जन्मदिवस, जागतिक बायपोलर दिन म्हणून पाळतात. त्याला हाच आजार होता का, हे आज खात्रीने ठरवता येत नाही. प्रतिभा आणि आजार यांच्या नात्याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांनी केला आहे. त्यांना स्वतःला बायपोलर आहे, हे त्यांनी १९९५ साली आत्मकथनात उघड केले. उन्मादाची ओढ वाटून लिथियम पुन्हा पुन्हा सोडल्याचे आणि त्यापायी जीव जाता जाता वाचल्याचेही त्यांनी लिहिले आहे. गोळी घेतली तर कला मरेल, ही भीती तरुण रुग्णांना खरोखर वाटते. तिच्याशी डॉक्टरांनी शांतपणे बोलायला हवे. मात्र बहुसंख्य रुग्ण कलावंत नसतात. ते शिक्षक, दुकानदार, गृहिणी, शेतकरी असतात आणि त्यांना प्रतिभेची झूल नको असते, पुढच्या महिन्याचा पगार हवा असतो.

मराठी चित्रपटाने स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ आणि नैराश्यावर ‘कासव’ देऊन प्रेक्षकांना या माणसांजवळ नेले. बातम्यांनी नेमके उलट केले. २०२० मध्ये मुंबईतल्या एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर कित्येक आठवडे वाहिन्यांवर बायपोलर हा शब्द आरोपासारखा फिरत होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २४नुसार उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. त्या आठवड्यांत हे निदान असलेल्या घरांत टीव्ही बंद करून बसणारे लोक होते, आणि उद्या आपले नाव बाहेर पडले तर काय, या विचाराने गोळ्या थांबवणारेही असणारच.

सर्वांत जास्त नुकसान लग्नाच्या बाबतीत होते. ‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की ताळ्यावर येईल’ हा सल्ला अजूनही वडीलधारे देतात. मग आजार लपवून लग्न ठरते. हळद, जागरणे, पाहुणे यांत झोप उडते, सासरी गोळ्या लपवता येत नाहीत म्हणून बंद होतात आणि काही आठवड्यांत आजार उसळतो. मुलगी असेल तर तिला माहेरी आणून सोडतात. आधी सांगून, डॉक्टरांसमोर दोघांना बसवून ठरवलेली लग्ने टिकल्याची उदाहरणे मनोविकारतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु आजार असणे एवढेच पुरेसे नाही. तो जोडीदाराने एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही इतका तीव्र असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले.

नोकरीत २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मानसिक आजारालाही लागू आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे बंधनकारक केले. २०२२पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली आणखी एक तरतूद या आजाराला विशेष जुळते, पण ती फारच थोड्यांना माहीत आहे. कोणाही सज्ञान व्यक्तीला, पुढे आजारपणात स्वतःचा निर्णय घेता आला नाही तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आगाऊ लेखी निर्देश देऊन ठरवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. तातडीच्या उपचारांना हे निर्देश लागू होत नाहीत. बायपोलरच्या रुग्णाला मधल्या काळात विचार करायला सवड असते, म्हणून त्याला ते नेमके लिहिता येतात: कोणते औषध मानवले, कोणत्याने मान आखडली, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, कोणत्या नातेवाइकाला बोलवायचे नाही, मुलांना कोणाकडे ठेवायचे आणि दुकानाच्या चाव्या कोणाकडे द्यायच्या.